एक ओळ खाली

पडद्यावर उघडलेलं पान कोणत्या भाषेतलं आहे, हेच ऋजुताला कळेना. अक्षरं इंग्रजी होती, पण शब्द इंग्रजी नव्हते. मध्येच एखादा कंस, मध्येच टक्क्याची खूण, मग डॉलरचं चिन्ह आणि पुन्हा एकमेकांना चिकटलेली चार अक्षरं. कीबोर्डवरून मांजर चालत जावं आणि काहीतरी विसरलं म्हणून परत यावं, तसा प्रकार.

"आबाजी, हे तुम्ही लिहिलंय?"

"मीच." आबाजींनी खुर्ची पुढे ओढली. "म्हणजे मी सांगत गेलो आणि कॉलेजसमोरच्या टायपिंगच्या दुकानात नानोटेनं टाइप केलं."

"पण कोणत्या भाषेत?"

"मराठीत."

मागे उभ्या असलेल्या सुगंतीताई कासदेकर खळखळून हसल्या. "सर, हे मराठी असेल ना, तर मी चंद्रावरची पाटलीण!"

आबाजींना मात्र हसू आलं नाही. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा वाजले होते. टिटवी चार वाजून बारा मिनिटांनी डोंगराआडून वर येणार होती.

टिटवी म्हणजे पक्षी नव्हे. ती होती बुटांच्या खोक्याएवढी एक पेटी, आणि ती पृथ्वीपासून सातशे किलोमीटर उंचीवर फिरत होती. चाळीस वर्षांपूर्वी अमरावतीच्या एका कॉलेजातल्या अकरा मुलांनी हा उपग्रह बनवला होता. त्यातला एक मुलगा म्हणजे स्वप्निल वानखडे, ऋजुताचे आबाजी. पाच वर्षं काम केल्यावर टिटवीची बॅटरी मेली आणि ती गप्प झाली. पण गेल्या वर्षी चिखलदऱ्याच्या पठारावरच्या या श्रवणकेंद्रात (आकाशातून येणारे रेडिओसंदेश ऐकण्याच्या जागेत) इथे काम करणाऱ्या सुगंतीताईंच्या कानावर एक बारीक टिवटिव पडली. मेलेली बॅटरी आतून तुटली होती आणि सौरपट्ट्यांची वीज आता थेट यंत्राला मिळत होती. ऊन पडलं की टिटवी जागी व्हायची, सावलीत गेली की झोपायची. रोज पंधरा वेळा मरून रोज पंधरा वेळा जन्माला येणारी वस्तू! ऋजुताने ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली, तेव्हा ती कितीतरी वेळ आकाशाकडे बघत राहिली होती.

आणि आता पाच दिवसांनी हीच टिटवी जलप्रहरीच्या अंगावर जाणार होती. जलप्रहरी हा पुराची आगाऊ सूचना देणारा उपग्रह. त्याचं इंधन संपलं होतं, त्यामुळे त्याला बाजूला सरकता येत नव्हतं. टक्कर झाली, तर ऐन पावसाळ्यात पूर्णेकाठच्या गावांना पाणी चढल्याचं सांगायला वर कोणीही राहणार नव्हतं.

टिटवीला मात्र सरकता येत होतं. तिच्या पोटात घडी घालून ठेवलेला एक पातळ पापुद्र्याचा पंख होता. तो उघडला की वरच्या अतिविरळ हवेचं त्याला घर्षण होणार आणि टिटवी हळूहळू खाली उतरणार. पंख उघडायला फक्त चार अंकी आकडा पाठवायचा होता. तो आकडा होता या फाईलमध्ये.

"छापलेली प्रत नाही?" ऋजुताने विचारलं.

"होती ना. स्पायरल बाइंडिंग केलेली, वर सोनेरी अक्षरात नाव छापलेली. वाळवीनं सोनेरी अक्षरं तेवढी ठेवली."

"आणि आकडा आठवत नाही?"

"बेटा, चाळीस वर्षं झाली. मले काल जेवणात कोणती भाजी होती ते आठवत नाही."

"वांगं," सुगंतीताई म्हणाल्या. "अन् तुम्ही दोनदा घेतलं."

मग आबाजींनी ऋजुताला समोर बसवून पहिलं कोडं उलगडून दाखवलं.

"संगणकाला अक्षर कळतच नाही. त्याला फक्त आकडे कळतात. म्हणून माणसांनी ठरवून घेतलं, की अमुक आकडा म्हणजे अमुक अक्षर. आज साऱ्या जगाची एकच यादी आहे, युनिकोड (जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना दिलेले सामायिक क्रमांक). मराठी 'क'चा आकडा इथं जो, तोच जपानमध्येही. पण नानोटेच्या दुकानात तेव्हाही जुनेच फॉन्ट (अक्षरांच्या चित्रांचे संच) चालायचे. ते बनवणाऱ्यांनी काय केलं माहीत आहे? इंग्रजी अक्षरांचेच आकडे घेतले आणि त्यांच्या तोंडावर मराठी मुखवटे चढवले. आत इंग्रजी अक्षर, बाहेर मराठी चेहरा."

"आणि आपल्याकडे तो फॉन्ट नाही, म्हणून मुखवटे गळून पडले!"

"बरोबर. फाईल खराब झालेली नाही. तिचे आकडे जसेच्या तसे आहेत. वाचायचा नियम तेवढा हरवला आहे."

ऋजुता पुन्हा पडद्याकडे वळली. म्हणजे त्या मांजराच्या पावलांच्या आत मराठी वाक्यं गुपचूप बसून होती तर!

"हा नियम आता कोणाला माहीत असेल?"

"पारावर विचारू," सुगंतीताई म्हणाल्या.

श्रवणकेंद्रातल्या संगणकांवर 'उंबर' नावाची व्यवस्था चालायची. संगणक उघडल्यावर जे दिसतं, म्हणजे खिडक्या, बटणं, चित्रं, त्या सगळ्याला इंटरफेस (माणूस आणि यंत्र यांच्यामधला दर्शनी भाग) म्हणतात. उंबरचा इंटरफेस कुठल्या एका कंपनीने ठरवलेला नव्हता. जगभरातली माणसं तो मिळून बनवत होती. झाडाखालच्या पारावर बसावं तशी ती 'पार' नावाच्या जागी जमायची, सूचना मांडायची, भांडायची, करून बघायची आणि पटलं तर स्वीकारायची. बटणं मोठी झाली ती लडाखच्या एका केंद्रामुळे, कारण तिथे हातमोजे घालून काम करावं लागायचं. 'पाठवा' आणि 'पुसा' ही बटणं एकमेकांपासून लांब गेली ती सुगंतीताईंमुळे. त्या पारावर एवढंच म्हणाल्या होत्या, "शेळीचं पाणी अन् शेळीचं औषध आम्ही एका फळीवर ठेवत नाही."

ऋजुताला हा सगळा बारभाईंचा कारभार वाटायचा. एका बटणाच्या रंगावर तीनशे लोकांची मतं! एखाद्या हुशार माणसाने बसून एकदाच छान करून टाकायला काय हरकत आहे, असं ती नेहमी म्हणायची.

पण आज तिने मुकाट्याने प्रश्न लिहिला, सोबत फाईलच्या पहिल्या चार ओळी जोडल्या आणि पाठवून दिलं.

वीस मिनिटांत गडहिंग्लजहून उत्तर आलं. पाठवणाऱ्याचं नाव होतं मल्लाप्पा घेवडे. वडिलांचा छापखाना चालवताना त्यांनी असल्या सतरा जुन्या फॉन्टांच्या किल्ल्या बनवल्या होत्या, म्हणजे कोणत्या मुखवट्याआड कोणतं अक्षर आहे त्याच्या याद्या. त्या त्यांनी पारावर सगळ्यांसाठी उघड्या ठेवल्या होत्या. खाली लिहिलं होतं, 'पोरी, अकरा नंबरची किल्ली लाव. रफार तेवढा बघ, तो उडी मारतो.'

ऋजुताने अकरा नंबरची किल्ली लावली.

आणि पान पालटलं. वरून खाली, एकेक ओळ करत, ती विचित्र चिन्हं मराठी होत गेली. 'टिटवी उपग्रह. आज्ञांची यादी.' एखाद्या धुरकट काचेवरून कोणी ओला हात फिरवावा आणि पलीकडे माणसं दिसावीत, तसं झालं. बावीस वर्षांचा स्वप्निल वानखडे त्या ओळींमधून बोलत होता. आबाजींनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

पानावर डावीकडे नऊ कामं लिहिली होती आणि उजवीकडे आकडे. नमस्कार करणे, ११०२. दिवा लावणे, १३४५. दिवा विझवणे, १७१९. चौथं काम लांबलचक होतं, 'दोन्ही सौरपट्ट्यांचा विद्युतदाब मोजून केंद्राला कळवणे', २२८०. पाचवं, तापमान कळवणे. त्याच्यासमोर जागा कोरी होती. सहावं, घड्याळ कळवणे, ३०१६. सातवं, जुनी नोंद पुसणे, ३५४४. आठवं, प्रक्षेपक (संदेश पाठवणारं यंत्र) कायमचा बंद करणे, ४१२१. आणि नववं, पंख उघडणे, ५८६८.

"सापडला! पाच हजार आठशे अडुसष्ट!" ऋजुता ओरडली.

"शाब्बास!" आबाजींनी टेबलावर थाप मारली. "सुगंतीबाई, चहा टाका!"

"चहा तुम्ही टाका. मले आधी वाचू द्या." सुगंतीताई पडद्याशी वाकल्या. "हे तापमानासमोर काहीच कसं नाही?"

"राहून गेलं असेल. पोरंच होतो आम्ही."

"अन् हा कोण?" त्यांनी पान सरकवलं. दुसऱ्या पानाच्या अगदी वर, उजव्या बाजूला, एकटाच आकडा बसला होता. ७३०५. त्याच्याशेजारी काहीच लिहिलेलं नव्हतं.

"मेसच्या कुपनाचा नंबर असेल," आबाजी म्हणाले, पण त्यांचा आवाज आता तितका खणखणीत नव्हता.

ऋजुता मोजू लागली. कामं नऊ. पहिल्या पानावर आकडे आठ. एक काम आकड्यावाचून आणि एक आकडा कामावाचून.

"जरा मोठं कर गं अक्षर," सुगंतीताई म्हणाल्या. "चष्मा घरी राहिला माझा."

ऋजुताने अक्षर मोठं केलं. पुरेसं झालं नाही, म्हणून आणखी एकदा केलं. आणि तिचा हात तिथेच थांबला.

चौथं लांबलचक काम आता एका ओळीत मावेना. ते मोडून दोन ओळींचं झालं. 'मोजून केंद्राला कळवणे' एवढा भाग खाली गेला आणि नेमका त्या कोऱ्या जागेसमोर जाऊन बसला. त्यामुळे खालचं प्रत्येक काम एकेक ओळ खाली घसरलं. तापमान ३०१६ समोर आलं. घड्याळ ३५४४ समोर. आणि 'पंख उघडणे' थेट दुसऱ्या पानावर जाऊन त्या एकट्या आकड्याच्या शेजारी उभं राहिलं. ७३०५.

ऋजुताने अक्षर पुन्हा लहान केलं. सगळं एक ओळ वर. मोठं केलं. सगळं एक ओळ खाली. दोन्ही वेळेला पान तितकंच नीटनेटकं दिसत होतं.

"आबाजी," तिने हळूच विचारलं, "पहिल्या वाचनात पंख म्हणजे ५८६८. या वाचनात ५८६८ म्हणजे काय?"

आबाजींनी बोट ठेवून ओळ वाचली. "प्रक्षेपक कायमचा बंद." तो आकडा गेला असता, तर टिटवी कायमची मुकी झाली असती, पंख उघडलाच नाही हे कोणाला कळलंही नसतं, आणि ती तशीच जलप्रहरीवर जाऊन आदळली असती.

"आता आठवलं," ते म्हणाले. "नानोटेनं कोष्टक केलंच नव्हतं. आधी डावीकडची कामं टाइप केली, मग उजवीकडचे आकडे, आणि एंटर दाबदाबून डोळ्यांनी एकमेकांसमोर आणले. कागदावर नीट छापून आलं की झालं, असा तेव्हा सगळ्यांचाच खाक्या होता. आम्हीही बघितलं आणि वा म्हटलं."

"म्हणजे कोणतं काम कोणत्या आकड्याचं, हे नातं फाईलमध्ये लिहिलंच नाही?"

"नाही. ते फक्त डोळ्यांना दिसत होतं, त्या एका फॉन्टमध्ये, त्या एका मापात. अक्षरांची रुंदी बदलली आणि नातं तुटलं." आबाजींनी एक कोरा कागद घेतला आणि त्यावर दोन रेघा मारल्या. "फॉरमॅट (फाईल लिहिण्या-वाचण्याचे ठरलेले नियम) म्हणजे नुसती अक्षरांची यादी नाही. हा शब्द मथळा आहे, ही चौकट त्या चौकटीची शेजारीण आहे, हेही नियमानं लिहून ठेवावं लागतं. तसं लिहिलं आणि तो नियम सगळ्यांसाठी उघडा ठेवला, तर शंभर वर्षांनी कोणताही संगणक तेच नातं वाचेल, मग अक्षर मोठं करा नाहीतर लहान."

"मग ७३०५ पाठवायचा ना?" सुगंतीताईंनी विचारलं.

ऋजुताने पडद्यावरचा तो आकडा पुन्हा पाहिला. डोळ्यांना जुळलं म्हणून खरं मानायचं, हीच तर नानोटेकाकांची चूक होती. आता तेच आपण दुसऱ्यांदा करायचं?

"नाही," ती म्हणाली. "आधी टिटवीलाच विचारू. ३०१६ पाठवून बघू. पहिलं वाचन खरं असेल तर ती घड्याळ सांगेल, दुसरं खरं असेल तर तापमान. दोन्हींत धोका काहीच नाही."

आबाजी उठले. "सुगंतीबाई," ते म्हणाले, "चहा मी टाकतो."

चार वाजून बारा मिनिटांनी पश्चिमेच्या डोंगरावरून टिटवी वर आली. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, उन्हाने पांढरं पडलेलं आकाश होतं नुसतं. पण छतावरची मोठी थाळी तिच्या मागे मागे हळूहळू वळू लागली आणि स्पीकरमधून आवाज आला, टिव, टिव, टिव. अकरा मिनिटं. तेवढा वेळ ती ऐकू येणार होती.

ऋजुताने ३०१६ टाइप केलं आणि 'पाठवा' दाबलं.

टिवटिव थांबली. मग पडद्यावर एक आकडा उमटला. ३१.

"एकतीस अंश! तापमान!" सुगंतीताई म्हणाल्या.

"थांबा," आबाजी म्हणाले. "तिचं घड्याळ ती जागी झाल्यापासूनचे सेकंद मोजतं. मध्ये एखादा झटका बसून ती नुकतीच पुन्हा जागी झाली असेल, तर एकतीस सेकंदही असू शकतात."

दोन मिनिटं उलटली होती. ऋजुताने पुन्हा ३०१६ पाठवलं. घड्याळ असेल तर आकडा वाढलाच पाहिजे, कारण घड्याळ कोणासाठी थांबत नाही.

३१.

तिने मनात वीसपर्यंत मोजलं आणि तिसऱ्यांदा पाठवलं. ३१.

सातशे किलोमीटर वरून, चाळीस वर्षं अंधार आणि ऊन सोसत फिरणारी एक पेटी एका मुलीच्या प्रश्नाचं उत्तर देत होती, आणि दर वेळी तेच, न कंटाळता, खरं. ऋजुताचे डोळे भरून आले. तिला एकदम जाणवलं, की आकाश रिकामं नाही. तिथे माणसांनी ठेवलेली वाक्यं आहेत, आणि वाचायचा नियम हाताशी असेल तर ती ऐकू येतात.

"दुसरं वाचन खरं," ती म्हणाली. "आबाजी, तुम्ही दाबा."

"मी बनवली तिला. तू वाचलीस. तूच दाब."

तिने चार अंक टाइप केले, ते मोठ्याने वाचले, सुगंतीताईंनी पुन्हा वाचून खात्री केली. ७३०५. पाठवा.

आवाज तुटला.

टिव नाही, खरखर नाही, काहीच नाही. दहा सेकंद. वीस. आबाजींनी टेबलाची कड घट्ट धरली होती. ऋजुताला वाटलं, आपण चुकलो. कुठेतरी अजून एक ओळ सरकलेली होती आणि ती आपल्याला दिसली नाही.

चाळीस सेकंद. टि... व. मग लांब शांतता. टि... व. आवाज बारीक होऊन मोठा होत होता, पुन्हा बारीक.

"डोलून राहिली," सुगंतीताई कुजबुजल्या. "आधी अशी डोलत नव्हती."

"पंख!" आबाजी म्हणाले आणि खाली बसले. "पंख उघडला म्हणून डोलते आहे. वरची हवा लागते आहे त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंतराळ वाहतूक कक्षाकडून मोजमाप आलं. टिटवी चाळीस मीटर खाली उतरली होती.

"फक्त चाळीस?" ऋजुताचा चेहरा उतरला.

"अगं, खाली उतरलेला उपग्रह जास्त वेगानं फिरतो. आज चाळीस मीटर खाली, उद्या ऐंशी. रोज ती थोडी थोडी पुढे निघून जाईल. पाच दिवसांनी टकरीच्या जागेपासून सत्तर किलोमीटर लांब असेल." आबाजींनी कागदावर गणित मांडून दाखवलं. मग ऋजुताने स्वतः करून पाहिलं, आणि सत्तरच आले.

त्या दुपारी तिने पारावर आयुष्यातली पहिली सूचना मांडली. 'जुनी फाईल उघडताना संगणक काही गोष्टी नियमाने वाचतो आणि काही गोष्टी अंदाजाने जुळवतो. पण पडद्यावर दोन्ही सारख्याच नीटनेटक्या दिसतात. अंदाज केलेला भाग फिकट पिवळ्या रंगात दाखवावा.' खाली तिने टिटवीची सगळी हकिकत लिहिली.

तासाभरात सत्तावन्न मतं आली. एकाने लिहिलं, पडदा कसा गोधडीसारखा दिसेल. दुसऱ्याने त्याला विचारलं, गोधडीत वाईट काय आहे? एका ग्रंथपालबाईंना हे कालच हवं होतं. एकाने चार पानं भरून विरोध केला आणि शेवटच्या ओळीत पाठिंबा दिला. पूर्वीची ऋजुता वैतागली असती. आता ती एकेक मत सावकाश वाचत होती.

अठ्ठावन्नावं मत पेरू देशातल्या एका मुलाचं होतं. उंबरने त्याची भाषा मराठीत करून दाखवली. 'सूचना चांगली आहे. पण माझ्या बहिणीला पिवळा आणि पांढरा रंग वेगळे दिसत नाहीत. ती पण उपग्रह ऐकते. मग तिला अंदाज कसा कळणार?'

हे ऋजुताच्या डोक्यातच आलं नव्हतं. सुगंतीताईंच्याही नाही, आबाजींच्याही नाही. एका हुशार माणसाने बसून एकदाच छान करून टाकलं असतं, तर ती बहीण बाहेरच राहिली असती.

तिने पिवळा रंग काढून टाकला. त्याजागी अंदाजाच्या शब्दांखाली ठिपक्यांची रेघ ओढली. ती रेघ डोळ्यांना दिसेल आणि वाचून दाखवणारा आवाज तिथे किंचित थांबेल, अशी सोय केली. नवीन आराखडा पाठवताना तिने लिहिलं, 'तुझ्या बहिणीला दाखव. जमत नसेल तर पुन्हा बदलू.'

मग ती आबाजींच्या शेजारी जाऊन बसली. ते टिटवीच्या आज्ञांची यादी नव्याने लिहीत होते, या वेळी खऱ्या कोष्टकात, उघड्या नियमाच्या फाईलमध्ये.

"आता कशाला, आबाजी? तिचं काम तर झालं."

"अजून सहा-सात वर्षं तरी उतरत राहील ती. तोवर ऊन पडलं की जागी होणारच." त्यांनी पहिल्या चौकटीत 'नमस्कार करणे' लिहिलं, शेजारच्या चौकटीत ११०२, आणि कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. "मी सांगतो. तू लिही."